पूर्वेला उतू गेलेलं दूध

"अरे, माणसं इतक्या लांबून घर बघायला येणार आणि तू त्यांना नुसती भिंतींची जाडी सांगणार?" यिशुनच्या फ्लॅटमधून प्रबोध कामावर निघताना त्याच्या बायकोने, सुलेखाने, त्याच्या हातात पातेलं आणि दुधाचं कार्टन कोंबलं. "नवं घर आहे. दूध उतू घाल. आणि पूर्वेला जाऊ दे, बघ हं."

प्रबोध इथे परदेशात, तुआसच्या औद्योगिक भागात, तयार घरं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. न्यूझीलंडमधल्या माओरी आदिवासींच्या एका कुळाला स्वतःच्या सामाईक जमिनीवर घरं उभारायला तिथलं सरकार मदत करत होतं. नमुन्याचं घर बघायला कुळातर्फे आरोहाबाई आल्या होत्या. ही ऑर्डर गेली असती तर साहेबांनी प्रबोधला फाडून खाल्लं असतं.

प्रबोधच्या डोक्यात मात्र दुसरीच जमीन घोळत होती. कोकणातल्या त्यांच्या सामाईक जमिनीची विक्री आज व्हायची होती. सातबाऱ्यावर नावांची ही जत्रा, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. शेवटी वैतागून त्याने चुलतभावाला मुखत्यारपत्र देऊन टाकलं होतं. "मनोहरदादा, दुपारपर्यंत माझा फोन आला नाही तर होकार समज, आणि माझी सही ठोकून मोकळा हो."

नमुन्याच्या घरात पातेलं शेगडीवर चढलं. आरोहाबाईंना हा प्रकार फारच आवडला. दूध तापेपर्यंत दोघं इंग्रजीत गप्पा मारत बसले.

"तुमच्या जमिनीला मालक किती?" प्रबोधने विचारलं.

"शेकडो. काही वारलेत, काही ऑस्ट्रेलियात आहेत. सरकारी माणसं वर्षानुवर्षं आमच्यात बसली, तेव्हा कुठे एकमत झालं. आता अर्ध्या जमिनीवर घरं, उरलेलीवर किवीच्या बागा."

"विकून टाकू, असं कोणीच म्हणालं नाही?"

"म्हणाला ना, माझा भाऊ. मी त्याला रोज फोन करत राहिले. शेवटी तोच कंटाळला."

प्रबोधला वाटलं, आपण मात्र एका फोनचा आळस केला. त्याने घाईघाईने मोबाइल काढून मनोहरदादाला फोन लावला. तिकडे रिंग वाजू लागली, आणि इकडे दूध उतू गेलं ते थेट लालभडक शेगडीवर. धूर झाला. भोंगा केकाटला. धुराचा वास लागताच छतातून आपोआप पाणी सुटतं, हे या घराचं खास वैशिष्ट्य. ते प्रबोधनेच बसवलं होतं.

मोबाइल जागच्या जागी गतप्राण झाला. मनोहरदादाचा नंबर कुणाला पाठ असतो? पाठ होता फक्त बायकोचा. आरोहाबाईंनी भिजल्या पर्समधून आपला फोन काढून दिला. त्यावरून लावलेला फोन सुलेखाने उचलला नाही. मग त्याने मेसेज केला: "मी प्रबोध. माझा फोन बिघडलाय. ताबडतोब या नंबरवर फोन कर." त्यावर काहीच उत्तर आलं नाही.

संध्याकाळी तो ओल्या बुटांनी घरी पोचला.

"ऑर्डर?" सुलेखाने विचारलं.

"मिळाली. आग विझवायची सोय स्वतः भिजून बघितली म्हणाल्या."

"बघ, दुधाचा गुण. आणि ऐक, आज तुझं नाव सांगून कुणीतरी न्यूझीलंडच्या नंबरवरून मला गंडवायला बघत होतं. दिलं ब्लॉक करून." ती खुशीत होती. "हो, मनोहरदादांचा फोन आला होता. तुझा फोन वाजून बंद पडला म्हणे. शेवटपर्यंत वाट बघितली आणि सही केली. त्यांचा आवाज जरा रडवेला वाटला. म्हणाले, प्रबोध नको म्हणेल असं उगाच वाटत होतं."

प्रबोध खुर्चीत बसला. बूट काढायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"दूध पूर्वेलाच गेलं ना रे?"

"हो," तो म्हणाला. "अगदी पूर्वेला."