डोमाजी आणि बोलणारी हेल्मेटं

मुलांनो, तुमच्या शाळेत आगीचा बंब आला तेव्हा तुम्ही दोघांनी हेल्मेट घालून काढलेला फोटो काल मिळाला. छान आहे. पण पाहताक्षणी मनात आलं, हे हेल्मेट कोणी वाजवून पाहिलं होतं का? असं का वाटलं ते कळायला तुम्हांला डोमाजी माहीत हवेत, आणि त्यांच्याविषयी सांगणारी आता मीच उरले आहे.

डोमाजी दिसेल ती गोल वस्तू बोटाच्या पेरानं ठोकून तिला कान लावत. बाजारात टरबूज, कुंभाराकडे माठ. तुमच्या आजोबांच्या टकलाकडे ते पाहू लागले की मी विषय बदलत असे.

सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरच्या महाल भागात राहत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बंबखान्याचं अंगण होतं. डोमाजी तिथले जुने फायरमन. सगळी हेल्मेटं धुण्याचं काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं. गाडी आगीवरून परतली की आधी हेल्मेटं, मग चहा. कोमट पाणी, अंगाचा साबण, मऊ फडकं, आणि त्यासाठी वेगळी बादली. आतला पट्टा सोडवून निराळा पुसायचा. वाळवणं सावलीत, नागपूरच्या मे महिन्यात फायबरही तडकतं, असं त्यांचं मत. काजळीचं हेल्मेट घेऊन कोणी खोलीत शिरला तर त्याची खैर नसे.

गंगाधर नावाच्या नव्या फायरमननं एकदा डाग निघेना म्हणून रॉकेलचा बोळा उचलला.

"गंग्या, काय करून राहिला गा? टाळक्याले रॉकेल लावून आगीत जातं का? मंग काडीपेटी बी ने खिशात!"

"वास उडून जाते ना, डोमाजी."

"वासासंग तू बी उडशीन!"

हेल्मेट वाळलं की ठोकायचं. "बोलते का पाहू." चांगलं हेल्मेट टणकन बोले. चीर असली तर नुसतं ठस्स.

एका सकाळी गंगाधरचं हेल्मेट ठस्स बोललं. शिल्लक हेल्मेट नव्हतं, आणि दोन दिवसांवर तपासणी. तिथले साहेब म्हणाले, "सगळ्यांना तांबडा रंग मारा. नवं मागाहून बघू."

"साहेब, रंगानं चीर भरत नाही. दिसत नाही फक्त."

साहेब निघून गेले. रंग लागला. रंगावर ज्याचा त्याचा नंबर पुन्हा घालायचं काम मात्र डोमाजींनी मागून घेतलं. ते भांडले नाहीत, याचं मला नवल वाटलं.

तपासणी पार पडली. पुढच्या आठवड्यात ते स्वतःचं हेल्मेट धुऊन ठोकत होते. ठस्स. मला खिडकीत ऐकू आलं. मी खाली गेले.

"डोमाजी, हे तर गंगाधरचं!"

"हळू बोला, बाई. त्याले ठाऊक नाही. नंबर म्या बदलवले."

"अहो, पण का?"

"त्याचं लेकरू अजून रांगून नाही राहिलं. माही वाट पाह्याले घरी एक कुलूपच हाये."

आणि पट्टा पुसू लागले. त्यांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.

त्याच दुपारी मी वरच्या कचेरीला इंग्रजीत अर्ज टाइप केला. डोमाजी दारात उभे होते. हेल्मेट कोणासाठी, असं मी विचारलं.

"नाव नका टाकू. गंग्याले समजलं तं थो हेच हिसकून घालन."

नवं हेल्मेट यायला तीन आठवडे लागले. मधे दोनदा घंटा झाली. गाडी परत येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. दोन्ही वेळा भात करपला.

नवं आलं तेव्हा डोमाजींनी ते ठोकलं, "बोलते," म्हणाले आणि गंगाधरच्या खुंटीला अडकवलं. आपलं जुनं परत घेतलं. फुटकं मात्र हातोड्यानं फोडून टाकलं, पुन्हा कोणी रंगवू नये म्हणून. त्या रात्री ते आमच्याकडे जेवले.

डोमाजी आता नाहीत. बंबखानाही तिथून हलला. अर्जाची कार्बन प्रत माझ्या फाईलमध्ये आहे. नावाची जागा कोरी आहे.