यायचंच हं नेल्सनला!

प्राचीचा फोन आला तेव्हा विभावरी पाहुण्यांच्या चादरी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात रचत होती. टाकीच्या उबेने चादरी दमट राहत नाहीत, एवढाच खरं तर त्या कपाटाचा उपयोग. पण विभावरीच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने पेन्सिलीच्या रेघा होत्या. पाहुण्यांची एक तुकडी येऊन गेली की एक रेघ. चार वर्षांत सव्वीस. लोक दारावर मुलांची उंची मोजतात. विभावरी आपला चांगुलपणा मोजत होती, आणि तो मुलांपेक्षा भराभर वाढत होता.

यात तिचं काही चुकलं असेल तर एवढंच, की ती नेल्सनला राहायला आली. दुसऱ्या गावी, हॉर्नबीला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीकडे, कांचनकडे, चार वर्षांत एकही पाहुणा फिरकला नव्हता. तिच्या घरामागे टायरांचं गोदाम होतं. विभावरीला त्या गोदामाचा मनापासून हेवा वाटे. इकडे नेल्सनला काय, तर ऊन. वर्षभर ऊन. शिवाय समुद्र, गल्लोगल्ली मातीची भांडी घडवणारे आणि चित्रं काढणारे, आणि तासाभराच्या अंतरावर एबल टास्मनचं राष्ट्रीय उद्यान. अशा गावात तुमचं घर असेल, तर ते तुमचं असतं ही फक्त तुमची समजूत.

पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असे. शनिवारी सकाळी बाजार. मग काच फुंकणाऱ्याचा कारखाना. तो काचवाला विभावरीला पाहिलं की भट्टीसमोरूनच तिकडचा नमस्कार घालत ओरडे, "किया ओरा, विभा! आज कितीजण?" ही बाई टूर कंपनी चालवते अशी त्याची खात्री झाली होती; मागच्या वर्षी त्याने तिला व्हॅन घेण्याचा सल्लाही दिला होता. आणि रविवारी एबल टास्मन.

गाडीत माणसं मावत पाच. पाहुणे साधारण चार. पाचवा मकरंद, कारण गाडी चालवायला कोणीतरी हवंच. विभावरी पहाटे उठून पुऱ्या तळे, बटाट्याची भाजी डब्यात भरे, दारात उभी राहून हात हलवे आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागे. या हिशोबाने मकरंदने एबल टास्मन एकोणीस वेळा पाहिलं होतं आणि विभावरीने एकदाही नाही.

"काय आहे तिथे? वाळू आणि पाणी," एकोणीस वेळा पाहिलेला मकरंद म्हणे. "फार मिस नाही करत आहेस तू."

म्हणून तिने या ईस्टरच्या शनिवारची तिकिटं काढली होती. तीन. तिचं, मकरंदचं आणि तेरा वर्षांच्या ओवीचं. सकाळी नऊची बोट. वाटेत सफरचंद मधोमध कापल्यासारखा दिसणारा तो खडक, मग खडकांवर लोळणारे सील, मग एका किनाऱ्यावर उतरून जंगलातून तीन तास चालायचं आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून परत. ही सगळी माहिती तिला तोंडपाठ होती, कारण ती तिने सव्वीस वेळा दुसऱ्यांना सांगितली होती. ती काम करायची त्या लायब्ररीत तिने तिकिटांचा कागद छापून घेतला आणि फ्रिजवर चुंबकाने लावला.

"डू आय हॅव टू?" ओवीने कागद पाहून विचारलं होतं. ओवीला मराठी सगळं कळे. उत्तर मात्र ती इंग्रजीतच देई.

"हो. यू हॅव टू," विभावरी म्हणाली होती.

आणि आता प्राची. ऑकलंडला शिकायला आल्यावर दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या. पुढे प्राचीचं शंतनूशी लग्न झालं, ऑकलंडच्याच कडेला टाकानिनीला नवं घर झालं, नील झाला. कपाटाच्या दारावरच्या चार रेघा एकट्या प्राचीच्या होत्या.

"विभा, कशी आहेस? ईस्टरला काय करताय?"

या प्रश्नाच्या पोटात काय असतं, हे सव्वीस रेघांनी विभावरीला शिकवलं होतं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, आम्ही नाही आहोत ईस्टरला."

"हो का? अरे वा!" प्राचीचा आवाज एकदम मोकळा झाला. "छान की! कुठे निघालात?"

इथे विभावरीने फोन ठेवायला हवा होता. पण खोटं बोलायचा सराव नसलेला माणूस तपशील पुरवायला जातो. "ऑकलंडला. रणजितकडे."

रणजित म्हणजे मकरंदचा मावसभाऊ.

"रणजित? तो पुण्याला गेलाय ना? कालच त्याने आंब्याच्या पेटीचा फोटो टाकलाय."

"हो ना. म्हणजे... म्हणूनच. मोटेलात राहू."

 मग प्राची म्हणाली, "मोटेलात? आमचं घर असताना?"

"नको गं, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला! चार वेळा राहिलोय तुझ्याकडे. मी काय तोंड दाखवू?" मग प्राचीचा आवाज जरा थकल्यासारखा झाला. "फक्त आमच्या तीन खोल्या, त्यात सासूबाई. मावायचे कसे सगळे? असं करू. तुम्ही इकडे या, आम्ही तिकडे जातो. तुमचं घर रिकामंच आहे ना?"

"हो," विभावरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"झालं तर मग. सासूबाईंना सोबतही होईल. त्यांना विमानात गुडघे वाकवून बसवत नाही."

मकरंदने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरळ नाही म्हणायचं. त्यात काय एवढं?"

"मग तू म्हण."

"म्हणतो की." तो फोन घेऊन अंगणात गेला. पंधरा मिनिटांनी परत आला. शंतनूला त्याने गॅसचं सिलिंडर कुठे बदलायचं, किनाऱ्यावर गाडी कुठे लावली की सावली मिळते आणि परतताना आइस्क्रीम कुठलं चांगलं, एवढं सांगितलं होतं.

"नाही म्हणालास?"

"तो विषयच निघाला नाही गं."

बेत रद्द झाला म्हणावं, तर आपण घरी आणि पाहुणेही घरी, सकाळी सहा जणांच्या पुऱ्या. त्यापेक्षा खोटं खरं करून दाखवणं सोपं. विभावरीने तीन दिवस घर घासलं. चादरी बदलल्या, कोथिंबीर निवडून डब्यात ठेवली, फ्रिज आतून पुसला. बाहेरून पुसायचा राहिला. तिकिटांची तारीख काही बदलून मिळेना आणि ती रद्द करायला हात धजेना. तीन आठवडे डोळ्यांसमोर असलेला तो कागद हळूहळू फ्रिजचाच एक भाग झाला होता.

गुड फ्रायडेला सकाळी किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवून ते निघाले. तारानाकीच्या डोंगरावर कुठेतरी दोन्ही कुटुंबं हवेतल्या हवेत एकमेकांच्या जवळून गेली असावीत. नेल्सनला तेव्हा लखलखीत ऊन होतं. टाकानिनीला पाऊस.

टाकानिनीतली त्या वसाहतीतली घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी. मकरंदने दोन चुकीच्या दारांवर प्राचीने कळवलेले कुलपाचे आकडे दाबून पाहिले. दुसऱ्या दारातून एक आजोबा पगडी बांधत बाहेर आले आणि त्यांनीच छत्री धरून योग्य घरी नेऊन सोडलं. दार उघडायला सरलाकाकू, शंतनूच्या आई, काठी टेकत आल्या.

"या, या. विभावरी ना तू? तुमच्यासाठी प्राचीने फ्रिज अगदी धुऊन पुसून ठेवलाय हं."

खरंच ठेवला होता. आत अर्धं लिंबू आणि काकूंची इन्सुलिनची पेनं होती. सुपरमार्केट गुड फ्रायडेमुळे बंद. मकरंद भिजत कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिकडच्या वाण्याच्या दुकानात, गेला आणि पाव, दूध आणि चिप्स घेऊन आला.

"दिस इज अवर हॉलिडे?" ओवीने विचारलं.

"चिप्स खा," विभावरी म्हणाली.

संध्याकाळी प्राचीचा मेसेज आला. *विभा!!! फ्रिजवरची तिकिटं पाहिली! उद्याची! आणि बरोबर तीन! किती गं करतेस तू आमच्यासाठी! शंतनू तर गप्पच झाला.*

विभावरीने तो मेसेज तीनदा वाचला. मग तिने टाइप केलं, *अगं त्यात काय! नक्की जा हं. मज्जा करा,* आणि पुढे हसरा चेहरा टाकला. असा चेहरा करायला तिला स्वतःला त्यानंतर चार दिवस जमलं नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता, बोट सुटायच्या वेळेला, ती टाकानिनीच्या ओट्यापाशी पुऱ्या तळत होती. "तुझ्या हातच्या पुऱ्यांचं फार ऐकलंय," असं काकू आदल्या रात्री म्हणाल्या होत्या, आणि पीठ सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या मकरंदने आणलं होतं. बाहेर पाऊस तसाच. एक पुरी फुगली नाही, तेव्हा सफरचंदाचा खडक गेला असेल. पाच-सहा फुगल्या, तेव्हा सील.

दहाला फोटो आला. निळंशार पाणी, सोनेरी वाळू, नीलच्या हातात शिंपला. मागे शंतनू, त्याचा चेहरा पोपटी झालेला, हातात कागदी पिशवी.

"काकू, शंतनूला बरं नाही का?"

काकूंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "त्याला बोट सोसत नाही गं. लहानपणी गेटवेहून एलिफंटाला नेलं होतं, तेव्हापासून. दर वेळी असंच. नेल्सनहून आला की दोन दिवस वरणभात खातो."

"मग जातात कशाला?"

"कशाला म्हणजे?" काकूंनी पुरी मोडली. "तू बोलावतेस म्हणून."

विभावरीच्या हातातला झारा तसाच राहिला.

"मी?"

"अगं, प्राची सांगते ना. निघताना तू दारात हात धरून म्हणतेस, 'यायचंच हं परत! नाही आलात तर बघा!' इतक्या प्रेमाने कोणी बोलावलं तर नाही कसं म्हणायचं? वाईट वाटेल तिला, असं प्राचीचं दर वर्षीचं. या खेपेला खरं म्हणजे घरीच पडून राहायचं ठरवलं होतं दोघांनी. फोन केला तो नुसता विचारायचा म्हणून. तुम्ही नाही म्हटल्यावर पोरं खूष झाली होती. पण मग तू मोटेलात राहतो म्हणालीस." काकूंनी भाजीचा घास घेतला. "मीठ जरा कमी आहे."

 विभावरी मनातल्या मनात कपाटाच्या दारासमोर उभी होती. सव्वीस रेघा. प्रत्येक रेघेच्या शेवटी दार, दारात ती, आणि तिच्या तोंडात तेच वाक्य. आईने शिकवलेलं. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडताना असं म्हणायचं असतं. त्यात खरं काही नसतं. पुण्यात ते सगळ्यांना कळायचं, आणि कोणी यायचं नाही. इथे लोक विमानाची तिकिटं काढत होते. त्या सव्वीसांतले कितीजण आपलं मन राखायला आले असतील, कितीजण बोटीत ओकले असतील, हे आता कोणत्या दारावर लिहायचं?

"ऐकलंस?" ती मकरंदला म्हणाली.

मकरंद पावाला लोणचं लावत होता. "मी तुला म्हटलंच होतं. वाळू आणि पाणी."

उरलेले दोन दिवस पाऊस पडला. सोमवारी टॅक्सी दारात आली. विभावरीने आदल्या रात्रीच ठरवलं होतं: वाकायचं, नमस्कार करायचा, 'येते' म्हणायचं आणि निघायचं. दोन अक्षरं. त्यापुढे काही नाही.

ती वाकली. काकूंनी डोक्यावर हात ठेवला. ती सरळ झाली, दोघींची नजर भेटली, आणि तिच्या तोंडातून, जणू आतून तिची आईच बोलते आहे असं, बाहेर पडलं, "काकू, तुम्हीही या नेल्सनला. यायचंच हं!"

"येते की," काकू म्हणाल्या. "मला कोणी आजवर म्हटलंच नव्हतं बघ. डिसेंबरात येते. गुडघ्यांना ऊन चांगलं. पुढची सीट मिळाली तर विमानातही बसेन. महिनाभर राहीन."

"हो हो," विभावरी म्हणाली.

"आणि माझ्यासाठी अडून नका राहू हं. तुम्ही खुशाल बोटीने फिरायला जा. मी राहीन आपली एकटी घरात."

हे वाक्यही विभावरीच्या आईचंच होतं. त्याचा अर्थ तिला नीट ठाऊक होता.

 टॅक्सी मोटरवेला लागल्यावर मकरंद म्हणाला, "डिसेंबरात मग मी आणि ओवी जाऊन येऊ बोटीने. तुझा काकूंपाशी वेळ जाईल." मग जरा थांबून, "म्हणजे माझी वीस होतील."

ड्रायव्हर तरुण सरदारजी होता. आरशातून बघत त्याने विचारलं, "फ्लाइट कहाँ की है जी?"

"नेल्सन," मकरंद म्हणाला.

"नेल्सन! वाह जी! बहुत सुना है. धूप, बीच, नेशनल पार्क. फॅमिली को कब से ले जाना है, पर अपना वहाँ कोई है ही नहीं."

विभावरी पुढे झुकली. तिचं तोंड उघडलं.

"आई," मागून ओवी म्हणाली, स्वच्छ मराठीत, "गप्प बस."