साळूबाईचा छान आलेला फोटो

एका जंगलात डांबरी रस्ता झाला, आणि मग काय, ज्याला त्याला गाडी! देवाने चार-चार पाय दिलेत, पण नाही. जाऊ दे. बाळांनो, तुम्ही नीट बसा, चुळबुळ करू नका, आणि ऐका.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहायची. तिचा छोटासा टेम्पो होता. त्यातून ती रानातले कंद बाजारात न्यायची आणि त्यावरच तिचं घर चालायचं. टेम्पो इतका जपून हाकायची की मागून गोगलगायसुद्धा हॉर्न द्यायची.

एके दिवशी वळणावर बिबट्या आला. भलीमोठी गाडी, रस्त्याची उलटी बाजू आणि एका पंजात फोन. धडाम! टेम्पोचं तोंड चेपलं, कंद रस्ताभर झाले आणि साळूबाईचा पाय टम्म सुजला.

"डोळे फुटले का गं तुझे?" बिबट्या खाली उतरून वर तिच्यावरच ओरडला.

संतापाने साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले. पण ती भांडली नाही. तिथला कायदा तिला ठाऊक होता. ज्याची चूक, त्याची गाडी जप्त.

"फोटो काढून घेऊ," ती म्हणाली. "कोण कुठल्या बाजूला होतं ते हत्ती महाराजच बघतील."

जंगलात फोटोग्राफर एकच, धोंडू बगळा. तासन्‌तास एका पायावर उभा राहायचा, त्यामुळे कॅमेऱ्याला स्टँड लागत नसे. आजवर त्याने फक्त लग्नं, मुंजी आणि बारशीच काढली होती.

आल्या आल्या त्याने चोच वाकडी केली. "शी! काय हा पसारा! आधी या काचा झाडा. ते कंद उचला."

"अहो, पण तोच तर पुरावा," साळूबाई म्हणाली.

"मावशी, फोटोतलं तुम्हाला कळतं की मला?"

साळूबाई लंगडत कंद उचलू लागली. एवढ्या उन्हातून आलाय बिचारा, कशाला दुखवा! मग बगळ्याने चेपलेला टेम्पो झाडामागे ढकलायला लावला, कारण तो बरा दिसत नव्हता. बिबट्याची गाडी डाव्या बाजूला घ्यायला सांगितली, कारण उजेड तिकडे चांगला होता. बिबट्याने ती लगेच घेतली हो! इतका गुणी बिबट्या जंगलाने कधी पाहिला नव्हता.

"आता दोघं जवळ या. मावशी, काटे खाली करा, रागीट दिसतं. तो सुजका पाय मागे घ्या. मान वर... आणि हसा!"

साळूबाई जन्मात कॅमेऱ्यापुढे उभी राहिली ती लग्नाकार्यातच. हसा म्हटलं की हसायचं, एवढंच तिला माहीत. ती हसली. बिबट्याच्या मात्र डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून त्याचं तोंड वाकडं झालं.

फोटो हत्ती महाराजांपुढे गेला.

"बिबट्या तर आपल्या बाजूलाच दिसतोय," महाराज म्हणाले. "चेहरा बघा बिचाऱ्याचा, किती सोसलंय! आणि ही बाई चक्क हसतेय?"

"महाराज, मला हसायला सांगितलं होतं!" साळूबाई रडकुंडीला आली. "हा माझा पाय तरी बघा. अजून टेकवत नाही."

महाराजांनी सोंडेने फोटो उलटसुलट करून पाहिला.

"पाय यात नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी टेम्पो जप्त केला.

दुसऱ्या दिवशी साळूबाई कंदांची पाटी डोक्यावर घेऊन लंगडत बाजाराला निघाली. वाटेत बगळा भेटला. त्याने हौसेने फोटोला फ्रेम करून आणली होती.

"घ्या मावशी, आठवण म्हणून ठेवा. काय गोड आलाय तुम्ही!"

साळूबाईने पाहिलं आणि तिला भडभडून आलं. खरंच, इतका छान फोटो तिचा आजवर कधी आला नव्हता.

तात्पर्य: गाडी रस्त्याच्या कुठल्याही बाजूने हाका बाळांनो, बिनधास्त हाका. फोटोच्या वेळी मात्र कुणी कितीही प्रेमाने सांगितलं, तरी हसू नका.