शातो लारिगोल आणि लसणाचं सूप

"या खेपेला आपल्या शातो लारिगोल वाइनचं नाव पॅरिसात पहिल्या पानावर झळकलं नाही, तर मिशी उतरवीन," असं आन्सेल्म लारिगोलने सकाळीच बायकोला बजावलं. मिशी तशी बेताचीच होती, पण प्रश्न घराण्याच्या अब्रूचा होता. पॅरिसच्या मादाम कूर्वालों आज जेवायला येणार होत्या. त्यांच्या रेस्टॉरंटातलं वाइनचं पुस्तक विटेएवढं जाड, आणि त्याच्या पहिल्या पानावर शेजारच्या द्राक्षमळ्याचा ब्लांशार कित्येक वर्षं ठाण मांडून बसला होता. चर्चबाहेर भेटला की तो आन्सेल्मला हटकून पॅरिसची हवा सांगायचा. त्या रविवारी आन्सेल्मला जेवण गोड लागत नसे.

त्याने बेत मात्र नामी आखला होता. आजोबांच्या हातची शेवटची बाटली तळघरातून वर आणली. गाळ खाली राहावा म्हणून मेणबत्तीच्या उजेडात, श्वास रोखून, तिच्यातली वाइन काचेच्या सुरईत ओतली. कोठीघरातली उत्तरेची खिडकी सगळ्यात थंड, म्हणून सुरई तिथे ठेवली. तिथे सासरेबुवांची रोजची सुरई होती, मळ्यातल्या गड्यांसाठी काढतात त्या वाइनची. ती त्याने फळीवर सरकवली.

उरला प्रश्न सासरेबुवांचा. फिर्मँबुवांना वाडग्यात तळाशी उरलेल्या सुपात वाइन ओतून ते तोंडाला लावल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. इकडच्या खेड्यांत याला चाब्रो म्हणतात. सगळ्यांचेच आजे करायचे, पण पॅरिसच्या पाहुण्यांसमोर कुणी करत नाही. म्हणून आज त्यांनी स्वयंपाकघरात जेवायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आन्सेल्मने ठरवलं होतं.

मादाम येऊन बसतात न बसतात तोच म्हातारा वाडगं घेऊन हजर.

"एकट्याने घास उतरत नाही," तो म्हणाला. मादामनी कौतुकाने खुर्ची पुढे केली. आन्सेल्मला हसावं लागलं.

सूप आलं. बायकोने, ओदीलने, दोन्ही सुरया आणल्या. वीस वर्षांच्या सवयीने खिडकीतली बाबांपुढे ठेवली आणि फळीवरची पाहुण्यांपुढे. आन्सेल्मचं तिकडे लक्ष कुठलं? त्याने मादामचा पेला भरला आणि जे सुरू झाला! जांभळी फुलं काय, जुनं कातडं काय, पावसानंतरची खडी काय. आजोबांच्या आठवणीने त्याचे डोळेसुद्धा पाणावले. मग त्याने स्वतः घोट घेतला, आणि तो घशातच अडकला. ही वाइन तो रोज दुपारी गड्यांबरोबर पीत असे.

मादामनीही पेला खाली ठेवला होता. "सुपात घालायला बरी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

आन्सेल्मने सासरेबुवांकडे पाहिलं. त्यांनी अर्धी सुरई केव्हाच वाडग्यात रिकामी केली होती. दोन्ही हातांनी वाडगं उचलून ते सावकाश भुरके मारत होते.

"जावईबापू, आजची जरा नाजूक आहे हं," ते मिशी पुसत म्हणाले. "पण लसणाला दाबलं नाही तिने. उलट लसूणच सुधारला."

आन्सेल्मला रडू यायचंच बाकी होतं. एवढ्यात मादामचं नाक हललं. मघापासून त्या वाडग्याकडेच पाहत होत्या.

"आजोबा, एक घोट देता?"

म्हाताऱ्याने वाडगं सरकवलं. मादाम प्यायल्या, डोळे मिटून बसल्या, पुन्हा प्यायल्या. मग उरलेली सुरई त्यांनी स्वतःच्या सुपात पालथी केली आणि वाडगं उचलून तोंडाला लावलं. आन्सेल्मच्या आजोबांची शेवटची बाटली अशी लसणाबरोबर संपली.

"माझे आजोबा असंच प्यायचे," मादाम म्हणाल्या. "हिच्या धाकट्या बहिणी, म्हणजे नंतरच्या सालांच्या बाटल्या, असतील तळघरात, तर त्या सगळ्या यंदा मला पाठवा. आणि पहिल्या पानाचा शब्द माझा."

आन्सेल्मने त्या रविवारी ब्लांशारला गाठून पॅरिसची हवा स्वतःच सांगितली. पुढे तो बायकोला आणि सासऱ्यांना घेऊन पॅरिसला गेला. वेटरने आणलेल्या वाइनच्या पुस्तकाचं पहिलं पान त्याने ऐटीत उघडलं. वर ब्लांशार होता. खालीही लारिगोल नव्हतं. त्याने पुस्तक शेवटपर्यंत चाळलं.

"अहो, हे बघा," ओदील म्हणाली. तिच्या हातात जेवणाचं कार्ड होतं.

मादाम शब्दाला पक्क्या निघाल्या. पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, ठळक अक्षरांत छापलं होतं: लसणाचं सूप, शातो लारिगोल घालून.

"पहिलं पान मिळालं की," फिर्मँबुवा म्हणाले, आणि त्यांनी तीन वाडगी मागवली.