अपघाताविना नव्व्याण्णव दिवस

"माझ्या साइटवर कोणी पडत नाही!" एम्रिस रोज सकाळी चहा पिताना ऐकवायचा. सेव्हर्न नदीच्या खाडीकाठी गॅसची पाइपलाइन जायची होती. त्याआधी मातीखाली जुनं काय दडलंय, ते खोदून बघायचं काम त्याच्या कंपनीकडे होतं आणि सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे. दारावरच्या फळ्यावर त्यानंच ठळक लिहिलं होतं: अपघाताविना नव्व्याण्णव दिवस!

खरी गोम त्याच्या गुडघ्यांत होती. तीस वर्षं चिखलात टेकून टेकून त्यांचं पार भजं झालं होतं. साइटची प्रमुख एलुनेड हिनं बजावलं होतं, "अहो एम्रिस, आता एकदा जरी पडलात ना, तर ऑफिसात बसून जुन्या मडक्यांच्या खापऱ्या धुवायच्या!" आणि खोदकाम सोडायला तो मुळीच तयार नव्हता.

त्या सकाळी सगळ्यांनी खड्ड्याच्या तळाचा गाळाचा थर खरवडून लख्ख केला होता. "कडेला उभे राहू नका रे!" असं कडेला उभं राहून ओरडताना एम्रिस सर्रकन घसरला आणि थेट मधोमध पालथा!

"पडलात?" एलुनेड किंचाळली.

"छे गं! बघतोय!"

"झोपून?"

"जवळून बघतोय!"

"काय?"

काय सांगणार, कपाळ! वेळ काढायला त्यानं गाल गाळाला टेकवला. ऊन तिरपं होतं. त्या उजेडात गाळातले खळगे उठून दिसले. नाकासमोर अनवाणी पावलं होती, पाचही बोटं उमटलेली! चार पावलं नीट, मग टाच लांबवर घसरलेली, पुढे हाताचा पंजा. कुणीतरी इथेच आपटलं होतं! आणि दुसरी पावलं लांब ढांगा टाकत येऊन पडलेल्याशेजारी खोल रुतली होती. उचलायला!

"एलुनेड, अगं, खरंच बघतोय!" तो ओरडला.

तीही खड्ड्याच्या कडेला पालथी झाली. "आई गं! चार हजार वर्षांचा थर आहे हा," एवढंच पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

"आता मला उचला. गुडघा अडकलाय."

"खबरदार हललात तर! ठसे मोडतील, फोटो व्हायचाय!"

आणि सगळे धावले, कॅमेरा आणायला.

दोन तासांनी फळ्या टाकून एम्रिसला बाहेर काढलं. दारावरच्या फळ्यावर शून्य आलं, सोमवारपासून खापऱ्या ठरल्या. मात्र अपघाताच्या वहीत नोंद त्यानं स्वतःच्या हातानं केली: "एकाच जागी दोघे घसरले. पहिल्याला मदत ताबडतोब मिळाली."