खारीचं दार आणि अस्वलिणीचं पोळं

एका जंगलात, मुलांनो, जमिनीच्या वर एक भाषा बोलत आणि जमिनीच्या खाली दुसरी.

खाली घुशी राहत. त्यांची बिळं भर उन्हाळ्यातही गार असत. तिथे ठेवलेली वस्तू टिकायची. पण घुशींना वस्तूंची नावं ठाऊक नव्हती, फक्त जागा कळायची. "उंबराच्या मुळाकडून आत, दुसऱ्या वळणावर डावीकडे, खालचा कोनाडा," असं सांगितलं तरच वस्तू वर येई.

शिवाय त्यांचा एक रिवाज होता. कोणी "झालं" म्हटलं की कोनाडा रिकामा करून दुसऱ्याला द्यायचा. कोणी ते म्हटलंच नाही, तर कोनाडा जन्मभर अडून राहायचा.

वरच्यांना हे जमेना. माकड फळ खाई आणि साल खाली टाकी. ती साल पुढे कोण उचलतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला "झालं" म्हणायची सवय कुठून असणार?

म्हणून सरोळी नावाच्या खारीने बिळाच्या तोंडावर दार बसवलं. पळसाच्या पानांचं, वेलीच्या कडीचं. तिला दोन्ही भाषा येत. वरच्याने नुसतं "माझं दे" म्हणायचं. वळणं, कोनाडे, सगळं सरोळी बघायची. "झालं"सुद्धा तीच म्हणायची. कोणी येऊन वस्तू घेतली की "झालं", असा तिने नियमच करून टाकला.

सिंहाने दाराचं उद्घाटन केलं. आत कोणी डोकावलं नाही. दारच इतकं छान होतं.

त्या वर्षी काळूमावशी अस्वलिणीला दिवस गेले होते. तिने मधाचं मोठं पोळं सरोळीकडे आणून दिलं.

"बाळंतपणात मला मध शोधत हिंडता येणार नाही गं. एवढंच काय ते."

"निर्धास्त राहा, मावशी!"

मावशीने धाकट्या बहिणीलाही सांगून ठेवलं, "त्यातला तुकडा तूही घे हो." बहीण आली, तुकडा तोडून घेऊन गेली. सरोळीने नियमाप्रमाणे खाली हाक दिली, "झालं!" घुशींनी उरलेलं पोळं खाऊन टाकलं आणि कोनाडा साळिंदराला दिला. त्याने त्यात गळलेले काटे ठेवले.

दिवस भरत आले तशी मावशी आली. सरोळीच्या डोक्यात मावशीचं पोळं म्हणजे अजून तोच कोनाडा होता. घुशींनी तिथे होतं ते पानात गुंडाळून वर दिलं. भुकेल्या मावशीने थेट तोंड घातलं.

"अगं भवाने, हे काय?"

"जागा तर बरोबर आहे, मावशी."

"जागा खाऊ का मी?"

खालून मुकादम घूस ओरडली, "वरून 'झालं' आलं, आम्ही मोकळ्या!"

"मी माझ्यापुरतं घेतलं," बहीण म्हणाली. "ताईचं संपलं, असं कुठे म्हटलं?"

सभा भरली. सिंहाने विचारलं, "दारात काही दोष?"

"छे महाराज, दार सुरेखच आहे," सगळे म्हणाले.

"मग त्या दारावर आणखी एक दार बसवा. आरडाओरडा आत जायला नको."

मावशी सभेला थांबलीच नाही. तिने गुहेत स्वतः खड्डा खणला, ओठातले काटे काढत नवं पोळं शोधून आणलं आणि त्यावरच बसून राहिली. पिल्लं झाली, दोन्ही गुटगुटीत.

बातमी पसरली. "मावशी, आमचंही ठेवाल का?" माकड आलं, साळिंदर आलं, सिंहीणसुद्धा आली. मावशीला नाही म्हणवेना. आत पिल्लं रडत, बाहेर रांग लागे. शेवटी तिने सरोळीला बोलावलं.

"बाई, इथे एक दार बसवून दे. आणि कोणाचं झालं, कोणाचं नाही, ते तूच बघ. मला वेळ नाही."

तात्पर्य: मुलांनो, संगणकाच्या वरच्या भाषेत काम करणारा एखादा काका तुमच्या घरी असेल, तर त्याला खालच्या, म्हणजे मेमरीच्या, कोनाड्यांबद्दल विचारू नका. तो म्हणेल, दार छान आहे. तुम्हीही तसंच म्हणा. आत काय चालतं ते ज्याला कळतं, त्यालाच लोक आत बसवतात आणि बाहेरून कडी लावतात.