फळ्यावर लिहिलं असेल तरच

"फळा आणि खडू द्या साहेब, मी कुणालाही प्रोग्रॅम लिहायला शिकवीन," असं मास्तरीणबाई ग्रंथपालांना म्हणाल्या, आणि तेही अगदी हळू आवाजात. हळू आवाजातली बढाई फार धोक्याची असते. ऐकणाऱ्याला ती खरी वाटते.

ग्रंथपालांना वाटली. त्यांनी वाचनालयाची वरची खोली तीन आठवड्यांसाठी दिली आणि वर अट घातली. "चौथ्या शनिवारी सव्वादहाला मी येईन. तुमच्या मंडळींनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम चालताना दिसला, तर खोली कायमची तुमची. नाही दिसला, तर मोडक्या खुर्च्या ठेवायला मला जागा हवीच आहे."

मंडळी म्हणजे एकूण नऊ. त्यांतले ड्रायव्हरकाका सगळ्यांत जास्त बोलत, कारण चाळीस वर्षं ट्रकमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. शिंपीणकाकू सगळ्यांत कमी बोलत, कारण चाळीस वर्षं तोंडात टाचण्या होत्या. संगणक मात्र एकच होता, आणि तो सुरू होईपर्यंत माणूस घरी जाऊन जेवून येऊ शकत होता.

म्हणून मास्तरीणबाईंनी घरातलाच संगणक आणला. नवऱ्याचे थोरले भाऊ. हे भाऊजी रेल्वेच्या फाटकावर पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. लेखी हुकुमाशिवाय त्यांनी आयुष्यात दांडा वर केला नव्हता. एकदा त्यांच्याच वरच्या साहेबांची गाडी त्यांनी पाऊण तास फाटकाशी उभी ठेवली होती, आणि साहेब ओरडत असताना त्यांना पाण्याचा पेला नेऊन दिला होता.

"भाऊजी, शनिवारी तुम्ही संगणक," बाईंनी समजावलं. "फळ्यावर लिहिलेलं असेल तेवढंच करायचं. तोंडी कुणी काही सांगितलं तर ऐकायचं नाही. मीसुद्धा सांगितलं तरी नाही."

"लेखी हुकूम," भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तजेला आला.

शनिवारी ते जुना गणवेश इस्त्री करून घालून आले.

खोलीत एक लांबलचक टेबल होतं. एका टोकाला परत आलेल्या पुस्तकांचा ढीग, दुसऱ्या टोकाला रोज येऊन बसणारे वकीलसाहेब आणि त्यांच्यापुढे विटेएवढा कायद्याचा ग्रंथ. मंडळींनी तासभर भांडून प्रोग्रॅम लिहिला:

१. टेबलावरचं एक पुस्तक उचल.
२. कपाटात ठेव.
३. पुन्हा पायरी एकवर जा.

"तीन ओळींत अख्खा ढीग आवरतो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "लिहिणारे हुशार असले की असंच होतं."

बाईंनाही भरून आलं. इतकं, की पुढचं काही दिसलं नाही.

भाऊजींनी सुरुवात केली. पुस्तक उचलायचं, कपाटात ठेवायचं, फळा वाचायचा, परत यायचं. ढीग संपला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी फळा वाचला आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले.

वकीलसाहेबांचं कोपर त्यांनी अदबीने उचललं, ग्रंथ काढला, कोपर परत जागेवर ठेवलं.

"अहो, मी वाचतोय."

भाऊजींनी हनुवटीने फळा दाखवला. वकीलसाहेब उठले, कपाटातून ग्रंथ काढून आणला, पुन्हा टेबलावर उघडला. भाऊजींनी तो पुन्हा नेला. वकीलसाहेबांनी पुन्हा आणला. दोघांचाही स्वभाव हार मानणाऱ्यांतला नव्हता.

मधल्या फेऱ्यांत शिंपीणकाकूंची मापांची वही गेली. ड्रायव्हरकाकांची डायरी गेली. "भाऊजी, थांबा," बाई म्हणाल्या. भाऊजींनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. मीसुद्धा सांगितलं तरी नाही, हे त्यांच्या चांगलं लक्षात होतं.

एवढ्यात बरोबर सव्वादहाला ग्रंथपाल आले. खोलीचा निकाल ज्यात लिहायचा ते जाडजूड नोंदपुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं आणि खिशातून पेन काढलं. पेनाचं टोपण निघेपर्यंत नोंदपुस्तक कपाटात गेलं होतं.

"ठेवा ते इथे. मी सांगतोय."

हनुवटी. फळा.

"बाई, हा गृहस्थ कोण आहे?"

"संगणक आहेत," बाई पुटपुटल्या. "आणि माझे थोरले दीरही."

"मोडक्या खुर्च्या बऱ्या," ग्रंथपाल म्हणाले. "त्या जागेवर तरी राहतात."

ड्रायव्हरकाकांनी धावत जाऊन खडू उचलला आणि तिसऱ्या ओळीखाली ठळक लिहिलं: '४. आता थांब.' भाऊजींनी येऊन तिसरी ओळ वाचली आणि पहिलीवर गेले.

"चौथी वाच की, मेहरबान!"

"चौथीपर्यंत ते पोचणारच नाहीत," बाई म्हणाल्या, आणि खोली हातची चालली आहे हे विसरून त्यांचा चेहरा उजळला. "तिसरी त्यांना दर वेळी मागे पाठवते. बघा ना, किती बरोबर चुकलंय."

आता शिंपीणकाकू उठल्या. तीन आठवड्यांत त्या वर्गात एक वाक्य बोलल्या नव्हत्या. "कुठे थांबायचं याची खूण शिवायच्या आधी करतात," त्या म्हणाल्या. "शिवून झाल्यावर करून काय फायदा?" त्यांनी चौथी ओळ पुसली, पहिलीही पुसली, आणि पहिलीच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'टेबलावर पुस्तक नसेल तर थांब. असेल तर एक उचल.'

भाऊजींनी वाचलं. टेबलाकडे पाहिलं. टेबलावर एकच पुस्तक होतं, वकीलसाहेबांनी अकराव्यांदा आणलेलं. त्यांनी ते नेलं. वकीलसाहेब बाराव्यांदा आणायला निघाले.

"वकीलसाहेब," ग्रंथपाल गरजले, "ते टेबलावर ठेवू नका. हातात धरून वाचा. टेबल रिकामं झाल्याशिवाय हा माणूस थांबणार नाही, एवढं साधं तुम्हाला कळत नाही का?"

वकीलसाहेबांनी ग्रंथ छातीशी धरला. भाऊजी टेबलापाशी आले, लाकडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, टाचा जुळवल्या आणि थांबले.

मग बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही माझे दहावे विद्यार्थी."

ग्रंथपालांना हसू आवरायला खोकावं लागलं. त्यांनी नोंदपुस्तक स्वतः कपाटातून काढलं, सावधपणे हातातच धरलं आणि उभ्याउभ्या लिहिलं: खोली वर्गाला कायमची. मंडळींनी असा जल्लोष केला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी शांतता राखा म्हणून ओरडलं. ड्रायव्हरकाकांनी तर रस्त्याने तीन अनोळखी माणसांना थांबवून चौथी ओळ का चालली नाही ते समजावलं.

बाई घरी आल्या त्या तरंगतच. पानं वाढली. नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, हनुवटीसकट.

"वा," नवरा म्हणाला. "आणि दादा कुठे आहे?"

बाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

त्या धावतपळत वाचनालयात पोचल्या. भाऊजी टेबलापाशी, टाचा जुळवून. फळ्यासमोर शिंपीणकाकू आणि ड्रायव्हरकाका, हातभर खडू माखलेले.

"मापांची वही न्यायला आले तर हे इथेच," शिंपीणकाकू म्हणाल्या. "काकांनी आधी नुसतं 'घरी जा' लिहिलं. हे हलेनात. कुणाच्या घरी, ते कुठे लिहिलं होतं? मग आम्ही पहिल्यापासून लिहून काढलं."

फळ्यावर एकोणीस पायऱ्या होत्या. जिना होता, वळण होतं, 'गाडी आली तर थांब' होतं, दार होतं, आणि शेवटची ओळ होती: 'आता तुम्ही पुन्हा भाऊजी.' बाईंनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. या वेळी जरा मोठ्याने.

भाऊजींनी एकोणीसही ओळी पाठ केल्या आणि निघाले. जिना बरोबर उतरले. वळण बरोबर घेतलं. रस्त्याच्या कडेला पोचले तोच गाडी आली, ते थांबले. गाडी गेली.

ते थांबलेलेच होते.

बाईंनी आकाशाकडे पाहिलं. ड्रायव्हरकाका पहिल्यांदाच गप्प बसले. शिंपीणकाकूंनी मात्र पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला, भाऊजींच्या बुटांसमोर उकिडवं बसून रस्त्यावरच लिहिलं: 'गाडी गेली असेल तर चाल.' मग मान वर करून विचारलं, "बाई, तपासता का?"

"नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच तपासा."